‘फॉरमॅट जुळला की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की भौगोलिक डेटा आणि त्यावर गणित करणाऱ्या ऑनलाइन सेवा एकमेकींशी जोडायच्या, तर कुठल्या शब्दाचा अर्थ काय हे यंत्राला वाचता येईल असं लिहून ठेवावं लागेल, म्हणजेच ऑन्टॉलॉजी लागेल. तुमचं म्हणणं: जिओजेसन (भौगोलिक डेटाचा फाइल फॉरमॅट) आणि डब्ल्यूएफएस (असा डेटा वेबवरून देण्याचं मानक) असताना हा खटाटोप कशाला, उरलेलं काम दोन पानी डेटा डिक्शनरीने, म्हणजे कुठल्या रकान्याचा अर्थ काय ते सांगणाऱ्या टिपणाने भागतं, आणि सिमँटिक वेबचा, म्हणजे वेबवरच्या माहितीचा अर्थ यंत्रालाही कळावा हा, प्रयोग एकदा फसलेला असताना पुन्हा तोच रस्ता का. तिसऱ्या आक्षेपात बरंच तथ्य आहे. पहिले दोन मला पटत नाहीत.

फाइल कुठेही उघडते, नकाशा दिसतो, इथवर मानकांनी फार मोठं काम केलं आहे. पण २०११च्या जनगणनेतला ‘ठाणे’ जिल्हा आजच्या सीमांच्या लेयरमधल्या (नकाशाच्या थरातल्या) ‘ठाणे’शी जोडून पाहा. जोडणी बिनतक्रार होते आणि उत्तर चुकतं, कारण १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. डहाणू, जव्हार, मोखाड्याची माणसं आकड्यात आहेत, नकाशात नाहीत. उलट औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर हा एकच जिल्हा, तरी नावावरून जोडणारा प्रोग्राम त्यांना दोन समजतो. ‘विभाजनापूर्वीचं ठाणे म्हणजे आजचं ठाणे अधिक पालघर’ ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते, अॅट्रिब्यूट टेबलला, म्हणजे नकाशाला जोडलेल्या माहितीच्या तक्त्याला, नसते.

डेटा डिक्शनरी मी स्वतः लिहितो आणि इतरांनीही लिहावी असा आग्रह धरतो. पण ती माणूस वाचतो, सेवा वाचत नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर लाउफेनबुर्गला ऱ्हाइन नदीवर पूल बांधला जात होता. जर्मनी उंची मोजते उत्तर समुद्रापासून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रापासून. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक. तो अभियंत्यांना माहीत होता, हिशेबातही धरला होता. फक्त दुरुस्तीचं चिन्ह उलटं पडलं आणि २००३मध्ये लक्षात आलं की दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरची तफावत आहे. नोंद होती, पण कुठल्या पद्धतीतून कुठल्या पद्धतीत जाताना मिळवायचे आणि कुठे वजा करायचे, हे गणिताच्याच आत बांधलेलं नव्हतं.

इथे तुम्ही म्हणाल, की यासाठी संदर्भप्रणालीचा कोड (मोजमाप कुठून धरलं ते सांगणारा ठरलेला क्रमांक) पुरे, ऑन्टॉलॉजी कशाला? उंचीपुरतं खरं आहे. म्हणून जंगलाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे कोड हाती लागत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालातलं वनाच्छादन म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठी, दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असलेली कुठलीही जमीन, मग मालकी कोणाची का असेना आणि वापर काही का असेना. रत्नागिरीतली हापूसची दाट बाग त्यात बसू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्धा हेक्टर, पाच मीटर उंची आणि दहा टक्के छत्र लागतं, पण प्रामुख्याने शेतीखाली असलेली जमीन, म्हणजे फळबागा, वगळलेल्या आहेत. आता दुसऱ्या व्याख्येवर बेतलेली, जंगलातला कार्बन मोजणारी एखादी सेवा घ्या. तिला पहिला लेयर द्या. जिओटिफ (नकाशाच्या चित्राचा फाइल फॉरमॅट) मागितलं, जिओटिफ मिळालं. ती आंब्याच्या बागांनाही जंगलाचे गुणक लावून मोकळी होते.

या दोन व्याख्या ओडब्ल्यूएलमध्ये, म्हणजे ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेत, अटींसकट लिहिल्या की फरक पडतो. २००९च्या ओडब्ल्यूएल २मध्ये अशा संख्यात्मक मर्यादा लिहिता येतात. मग रिझनर, म्हणजे लिहिलेल्या अटींवरून तर्क करणारा प्रोग्राम, तपासतो: क्षेत्राची अट बसते, कारण एक हेक्टर अर्ध्याहून मोठंच. छत्राचीही बसते. जमीनवापराबद्दल मात्र लेयर काहीच सांगत नाही, उंचीबद्दलही नाही. म्हणजे पहिला वर्ग दुसऱ्याचा उपवर्ग आहे, पहिल्या व्याख्येतलं प्रत्येक जंगल दुसरीतही बसतं, असं सिद्ध होत नाही. सेवेने इतकं पाहिलं तरी ती थांबून जमीनवापराचा लेयर मागू शकते. ऑन्टॉलॉजीकडून माझी अपेक्षा एवढीच आहे, आणि ती डेटा डिक्शनरीच्या पानांवरून पूर्ण होत नाही.

आता तुमचा तिसरा मुद्दा. ओडब्ल्यूएल-एस, म्हणजे ऑनलाइन सेवांचं वर्णन करणारी ऑन्टॉलॉजी, २००४मध्ये आलं तेव्हा आशा अशी होती, की सेवांची वर्णनं दिली की यंत्र आपणहून त्या शोधील आणि साखळी जुळवील. तसं रोजच्या कामात झालं नाही. सगळ्या जगाची एकच ऑन्टॉलॉजी हेही स्वप्नच राहिलं, आणि ते सोडून दिलेलं बरं. पण मागे छोट्या, नेमक्या गोष्टी उरल्या आणि त्या टिकल्या. ओजीसी या भौगोलिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१२मध्ये आणलेलं जिओस्पार्क्यूएल हे भौगोलिक डेटा मांडण्याचं आणि त्याला प्रश्न विचारण्याचं मानक एखादी जागा आणि तिची भूमिती यांना वेगळं ठेवतं, त्यामुळे एकाच गावाच्या वेगवेगळ्या प्रमाणांवरच्या सीमा नांदू शकतात. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यू३सी आणि ओजीसी यांचं २०१७चं सोसा, म्हणजे सेन्सरच्या नोंदींसाठीची छोटी ऑन्टॉलॉजी, निरीक्षण, उपकरण आणि मोजलेला गुणधर्म एवढ्या मोजक्या संकल्पनांवर उभं आहे. हे फसलेलं काम नव्हे.

तुमची शेवटची ओळ मात्र मनाला लागली: ‘आपल्याकडे मेटाडेटा भरायला कोणी नाही, ऑन्टॉलॉजी कोण लिहिणार?’ माझं मत असं, की सुरुवात डेटा देणाऱ्या विभागांपासून नव्हे, सेवा चालवणाऱ्यांपासून व्हावी. आपल्या सेवेला नेमकी कुठल्या व्याख्येची माहिती लागते, हे त्यांनी आधी जाहीर करावं. वनाच्छादनाची व्याख्या अहवालात छापलेली आहेच, ती चार-पाच अटींत मांडायला नवं सर्वेक्षण लागत नाही. जमीनवापराचा आणि वृक्षांच्या उंचीचा लेयर मिळवणं हे त्याहून अवघड काम आहे, आणि वेळ तिथे जायला हवा.