ओल पॅनेलिंगने जात नाही, डोळ्याआड होते

"भिंतीला ओल येतेय? वॉटरप्रूफ प्लायचं पॅनेलिंग करून टाका. ओल गेली, वाळवीची भीती नाही, शिवाय उष्णता आणि शेजारचा आवाजही बंद!" हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतो आहे. लाकडाने मढवलेली भिंत मला मनापासून आवडते, म्हणूनच तो खोडून काढावासा वाटतो.

आधी ओल, कारण खरं नुकसान तिथेच होतं. भिंतीत पाणी येतं ते बाहेरच्या भेगांतून, पायातून वर चढत किंवा आतल्या गळक्या पाइपातून. पॅनेल यांतली एकही वाट बुजवत नाही. उलट इतके दिवस भिंत खोलीच्या बाजूने थोडीफार सुकत होती, तेही बंद होतं. कोंडलेली ओल मागच्या रिपांमध्ये, म्हणजे पॅनेल ज्यांवर ठोकतात त्या लाकडी पट्ट्यांमध्ये, मुरते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी धरते, आणि कुबट वास सुटेपर्यंत घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

पण प्लाय वॉटरप्रूफ आहे ना? वॉटरप्रूफ असतो तो प्लायमधले लाकडाचे पातळ थर चिकटवणारा गोंद. ओलाव्याने थर एकमेकांपासून सुटत नाहीत, एवढीच त्याची हमी. थर शेवटी लाकडाचेच. ते पाणी पितात आणि कुजतातही.

वाळवीचा तर गोंदाशी संबंधच नाही. तिच्यासाठी लाकडावर वेगळी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. तशी केलेली असली, तरी जमिनीतून येणारी वाळवी पॅनेलमागून मातीच्या नळ्या बांधत थेट दाराच्या चौकटीपर्यंत पोचू शकते. उघड्या भिंतीवर त्या नळ्या पहिल्याच आठवड्यात दिसल्या असत्या.

उष्णतेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. लाकूड विटेपेक्षा बरंच कमी उष्णता वाहून नेतं. पण 6 मिलिमीटर प्लायचा अडसर जेमतेम 3 सेंटीमीटर विटेइतका. मागची बंद पोकळी प्लायपेक्षा जास्त अडवते, पण तेही माफकच.

आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने. अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भरते, हा प्लाय चारेक किलो. त्याने शेजारचा टीव्ही थांबणार नाही.

पॅनेलिंग जरूर करा, पण आधी भिंत तपासा. जाड प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतून पाणी धरलं, तर ओल भिंतीतली. बाहेरून धरलं, तर खोलीतल्या दमट हवेतली. भिंतीतली असेल तर गळती आधी काढा, गिलावा पूर्ण सुकू द्या, मगच सुताराला बोलवा. वर-खाली हवेला फट ठेवायला सांगा आणि पाइपाच्या सांध्यासमोरचं पॅनेल स्क्रू काढून उघडता येईल असंच बसवून घ्या.