गोष्टीत नसलेलं मांजर

डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला गटाने एक चित्रगोष्टीचं पुस्तक करायचं होतं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी. गटात पाच जण, हातात सहा आठवडे. सबमिशन झालं, मार्क आले, त्यामुळे आता मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

पहिल्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि अर्ध्या तासात कामं वाटून झाली. मी गोष्ट लिहायची, सावंतवाडीच्या मैत्रिणीने चित्रं काढायची, एकाने टाइप करायचं, एकीने कॅनव्हावर पानं लावायची आणि पाचव्याने प्रिंट काढून आणायची. सगळे खूश. माझं ठाम मत झालंय की आमचं पुस्तक बिघडायला तिथेच सुरुवात झाली.

गोष्ट मी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याची घेतली. आमच्या घरात रापण आहे, आजोबा अजून किनाऱ्यावर जातात. गोष्टीतल्या पोरीला दोर ओढायचाय आणि सगळे तिला लहान आहेस म्हणून बाजूला बसवतात, एवढंच कथानक. दोन दिवसांत अठरा पानांचा मजकूर लिहून ग्रुपवर टाकला आणि माझं काम संपलं म्हणून झोपले. मैत्रिणीने गूगलवर मासेमारीचे फोटो बघून चित्रं काढली. सुंदर काढली, खोटं कशाला बोलू. आम्ही सरावाचे पाठ घेतो त्या शाळेत पहिलीच्या वर्गात सुटी पानं घेऊन आम्ही ती गोष्ट वाचली. तिसऱ्या पानावर एक पोरगा उठून उभा राहिला. "बाई, ह्यो रापण ओढणा नाय, पाग मारता."

बरोबरच होतं त्याचं. चित्रात एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून गोल जाळं फेकत होता. रापण एकट्याने होतच नाही. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धा फेरा मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्या धरतात आणि मग तासन्‌तास ओढतात. मला हे लहानपणापासून माहीत आहे. मैत्रिणीला माहीत असण्याचं कारण नाही. आणि चित्रं मी वर्गात जाण्यापूर्वी नीट पाहिलीच नव्हती, कारण ते "माझं काम" नव्हतं. लाज वाटली मला.

पुढच्या रविवारी तिला पहाटे आमच्या किनाऱ्यावर आणलं. तिने स्केचबुक काढलं आणि चार तास वाळूत बसून राहिली. मी कधी लक्ष न दिलेली गोष्ट तिने पाहिली. दोर ओढता ओढता दोन्ही टोळ्या किनाऱ्यावरून एकमेकींकडे सरकत येतात. सुरुवातीला हाक ऐकू जाणार नाही इतक्या लांब आणि शेवटी खांद्याला खांदा. तिने हे पानापानातून दाखवलं. डाव्या कडेला एक टोळी, उजव्या कडेला दुसरी, प्रत्येक पानाला थोडी जवळ. माझ्या मजकुरात याचा एक शब्द नव्हता. घालायचीही गरज नव्हती.

आणि तिने एक मांजर आणलं. किनाऱ्यावर पेडव्यांची, म्हणजे छोट्या मासळीची, वाट बघत बसलेलं, एका कानाचा तुकडा गेलेलं खरंखुरं मांजर. ते पाचव्या पानावर होडीच्या सावलीत झोपलंय, आठव्यावर दोराशी खेळतंय, अकराव्यावर कोणाच्या तरी टोपलीत फक्त शेपूट दिसतंय. दुसऱ्यांदा वाचायला गेलो तेव्हा पोरांनी माझी गोष्ट अर्धवट ऐकली. पान उलटलं की एकच प्रश्न, "मांजर खंय गेला?"

रागच आला आधी. नंतर घरी बसून मी माझा मजकूर खोडायला घेतला. "आजोबा निळ्या होडीत बसून हसत हसत समुद्रात निघाले." होडी निळी आहे हे चित्रात दिसतंय. आजोबा हसतायत तेही दिसतंय. मग मी काय सांगतेय? शेवटी त्या पानावर दोन शब्द उरले, "आजो गेलो." मुलं ते वाक्य माझ्याआधी म्हणायला लागली.

आपल्याकडे चित्राला अजून शोभेची वस्तू समजतात. मजकूर पक्का झाला की शेजारी "साजेसं" चित्र टाकायचं. हे कोकणात बसून म्हणावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. त्या परंपरेत सुट्या चित्रांची पोथी असते. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गात सांगायची. समोरच्याला कथा डोळ्यांनी आणि कानांनी एकदमच मिळते. चित्र आधी की शब्द आधी, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नसेल.

छपाईची कथा वेगळीच. प्रिंटवाला दादा म्हणाला, अठरा पानं पिनेत बसत नाहीत. एक कागद दुमडला की चार पानं होतात, तेव्हा सोळा करा नाहीतर वीस. एकाने लगेच सुचवलं की वीस करू, एका पानावर तात्पर्य आणि एका पानावर शब्दार्थ टाकू. (मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ पण पानंच असतात हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं.) आम्ही सोळा केली. सूर्योदयाचं वर्णन गेलं, "एकीचे बळ" वालं पान गेलं, आणि पुस्तक पहिल्यांदा पुस्तकासारखं वाटलं. मोबाइलवर निळाशार दिसणारा समुद्र कागदावर शाई सांडल्यासारखा मळकट आला. मधल्या जोडपानावर आजोबांचा चेहरा बरोबर घडीवर, म्हणजे पिन थेट नाकात. आणि "होडी दर्यात शिरली" हे टाइप करताना "होडी दऱ्यात शिरली" झालं. रफार बदलला आणि आमची होडी समुद्र सोडून सह्याद्रीत! तीन वेळा प्रूफ पाहिलं होतं म्हणे. पाहिलं होतं टाइप करणाऱ्यानेच, कारण ते "त्याचं काम" होतं.

मालवणी संवादांवरून वाद झालाच. निवेदन प्रमाण भाषेत आणि माणसं बोलतात ती मालवणीत, यावर मी अडून बसले. वर्गातली पोरं "माका पण ओढूचा आसा" या वाक्याला जेवढी हसली तेवढी दुसऱ्या कशालाच हसली नाहीत. त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

आता मार्कांचं. मूल्यमापनाच्या तक्त्यात लेखनाला वेगळे गुण, चित्रांना वेगळे, मांडणीला वेगळे. चित्रांचे दोन गुण कापले आणि शेरा आला, "चित्रे मजकुराशी सुसंगत नाहीत. मांजराचा संदर्भ कथेत आढळत नाही." माझ्या लेखनाला पैकीच्या पैकी. वाक्यं मोजकी आणि नेमकी आहेत म्हणून! जी वाक्यं मी तिच्या चित्रांमुळे खोडली होती, त्यांचे गुण मला आणि दंड तिला. मी गुण देणाऱ्यांशी जाऊन बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, गुण काही बदलले नाहीत.

आमच्या रापणीत मासळी आली की किनाऱ्यावरच वाटे पडतात. ज्याची जाळी त्याला, ज्याने दोर ओढला त्याला. मासा जाळ्याच्या कुठल्या तुकड्यात अडकला होता हे कोणी बघत नाही. मुखपृष्ठावर आम्ही पाचही नावं एका ओळीत, अकारविल्हे टाकली, पुढे लेखक-चित्रकार काही न लिहिता. त्याचाही एक गुण गेला.

एक प्रत 80 रुपयांना पडली. दहा काढल्या, सहा शाळेत दिल्या. एक घरी आणून आजोबांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश सगळी पानं उलटली. नाकातल्या पिनेबद्दल काही बोलले नाहीत. होडीचा रंग चुकलाय म्हणाले. मग परत मागे गेले, पाचव्या पानावर थांबले, आठव्यावर थांबले, आणि अकराव्यावर बोट ठेवून मला विचारलं, "ह्या मांजर कोणाचा गो?"