खिडकीतनं बघू नका, टीव्हीवर बघा

पाऊस लागला की सांगलीकरांनी पहिलं काम करायचं, रिमोटचे सेल बदलायचे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन पाणी बघायची जुनी खोड असेल तर मोडा, तिथं काय नुसते फूट लिहिलेत, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि पाणी असतंय २६ वर. असल्या आकड्यानं कुणाचं बीपी वाढतंय होय?

त्यापेक्षा सोफ्यावर बसा. खाली लाल पट्टी, धडाम धडाम म्युझिक, 'सांगलीत हाहाकार', आणि पाण्यात बुडालेला आमचा मारुती चौक. आता त्या व्हिडिओत कोपऱ्यावरच्या दुकानाचा हिरवा बोर्ड दिसत होता जो २०१९ च्या पुरात वाहून गेला आणि मालकानं नंतर निळा लावला, हे मी घरात बोलून दाखवलं तर बायको म्हणाली, ते काय खोटं दाखवतील? माझंच चुकलं. असले बोर्डबिर्ड बघत बसायचं नसतं.

वरच्या कोयना धरणाचा पण नीट अभ्यास करा. पायथ्याच्या वीजगृहातनं २१०० क्युसेक सोडलं तरी 'कोयनेतून विसर्ग सुरू' असंच वाचायचं, आणि वाचता वाचता डोळ्यासमोर अख्ख्या धरणाचं १०५ टीएमसी पाणी एकदम आणायचं. किती सोडलं हे विचारणारा माणूस घाबरत नाही आणि न घाबरणारा माणूस ब्रेकनंतर थांबत नाही, मग जाहिरात कुणी बघायची?

हे शास्त्र जुनं आहे बरं का. १९३८ ला अमेरिकेत रेडिओवर मंगळावरच्या लोकांच्या हल्ल्याचं नाटक लागलं, दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी छापलं की देश घाबरून रस्त्यावर आला, आणि पुढं अभ्यासकांनी काढलं की एवढं कोण घाबरलंच नव्हतं, रेडिओनं जाहिराती पळवल्याचा राग होता पेपरवाल्यांना. आपण तरी कुठं मागं? २००८ च्या सप्टेंबरात ते युरोपातलं कोलायडर, कण एकमेकांवर आदळायचं यंत्र, पृथ्वी गिळणार होतं, आपल्या चॅनेलवर तर गिळूनच झाली होती.

२०१९ ला खरा पूर आला, ५७ फुटांवर, तेव्हा २००५ च्या पुरात पाणी आपल्या दारात आलं नव्हतं म्हणून लोक निवांत बसलेले. ते जाऊ दे, ते टीव्हीवर नव्हतं, दारात होतं.

परवा मी गॅलरीत कपडे वाळत घालतोय आणि पुण्याहून आत्तीचा फोन, "गच्चीवर गेलासा का सगळी?" म्हटलं आत्ती, ऊन पडलंय. "तू गप. मी बघतीय न्हवं हितं!" आणि फोन ठेवता ठेवता, "मिरजेच्या पाव्हण्यांना फोन लाव, दुसऱ्या चॅनेलवर तेबी बुडल्यात."