शिक्षा भोगायला माणूस ठेवा

उद्या तुमची अमेरिकेतल्या एखाद्या बड्या विद्यापीठाच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली, तर पहिल्याच दिवशी ग्रंथालय बघायला जाऊ नका. आधी फुटबॉलच्या प्रशिक्षकाला भेटा. त्याचा पगार तुमच्या कितीतरी पट आहे, तेव्हा भेटीची वेळ त्याच्या सोयीने घ्या. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा. पायाचा त्यात फारसा संबंध नसतो. शनिवारचा सामना बघायला अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमात लाखाहून जास्त माणसं बसतात, टीव्हीवाले अब्जावधी डॉलर मोजतात आणि मैदानात डोकी आपटून घेणारी पोरं कागदोपत्री विद्यार्थी असतात. अगदी परवापरवापर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे एक दमडी घेणं हा त्यांच्यासाठी गुन्हा होता. एवढा पैसा, आणि कमावणाऱ्याने तेवढा त्याला हात लावायचा नाही! तेव्हा नियम मोडले जाणार, हे गृहीत धरा. नियम मोडल्यावर कडक शिक्षा व्हावी की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालतात. तुम्ही त्यात पडू नका. शिक्षा कडकच असू द्या. फक्त ती अशा माणसाला होऊ द्या, जो गुन्हा झाला तेव्हा तिथे नव्हता.

हे जमतं. शिकवतो.

पहिली गोष्ट म्हणजे बारीकसारीक पापांची कबुली भरपूर द्या. इंडियानापोलिसला एनसीएएचं मुख्यालय आहे, कॉलेजांच्या खेळांचे नियम करणारी आणि ते मोडले की दंडुका उगारणारी हीच ती संघटना. तिला प्रामाणिकपणाचं फार कौतुक. ओक्लाहोमा विद्यापीठाने एकदा स्वतःहून कळवलं की आमच्या तीन खेळाडूंनी पदवीदानाच्या मेजवानीत नियमापेक्षा जास्त पास्ता खाल्ला. प्रायश्चित्त म्हणून तिघांना प्रत्येकी ३ डॉलर ८३ सेंट दानधर्म करावा लागला. पुढे एनसीएएनेच सांगितलं की असा काही गुन्हाच नव्हता. पण विद्यापीठाला दोष देता येणार नाही, कारण त्या काळात बेगल नावाचा पाव कोरडा दिला तर चालायचा आणि त्याला क्रीम चीज फासलं की नियमभंग व्हायचा. २०१४ साली बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या कनेटिकटच्या शबाझ नेपिअरने पत्रकारांना सांगितलं की कित्येक रात्री आपण उपाशी झोपतो. मग मात्र काही दिवसांतच जेवणाचे नियम सैल झाले. उपाशी झोपणाराने आधी विजेतेपद मिळवावं, मग तक्रार करावी, म्हणजे ती ऐकू जाते.

आता डॅलसची गोष्ट. ही नीट ऐका, कारण यातली प्रत्येक चूक टाळण्यासारखी आहे.

सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी, म्हणजे एसएमयू. चर्चने काढलेलं विद्यापीठ, संघाचं नाव मस्टँग्ज, मैदानावर खरंखुरं तट्टू पळवायची पद्धत. गावात तेलाचा आणि जमिनीचा पैसा, आणि तो पैसेवाला माणूस संघाचा भक्त. अशा भक्तांना तिथे बूस्टर म्हणतात. १९८५ आणि ८६ मध्ये या भक्तांच्या गुप्त निधीतून १३ खेळाडूंना मिळून ६१ हजार डॉलर वाटले गेले. कोणाला महिन्याला ५०, कोणाला ७२५. तेव्हा हे विद्यापीठ आधीच्याच भानगडीसाठी शिक्षा भोगत होतं. तरी पैसे चालू राहिले, आणि ते कोणी चालू ठेवले? नियामक मंडळाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स यांनी. पोरांना शब्द दिलाय, तो मोडणं बरं नाही, हळूहळू बंद करू, असं ठरलं. शब्दाला जागणारी माणसं! १९८७ च्या जानेवारीत हेच क्लेमेंट्स टेक्सासचे गव्हर्नर झाले आणि मार्चमध्ये त्यांनी हे सगळं कबूल केलं. आधी खोटं का बोललात असं विचारल्यावर, तेव्हा समोर बायबल थोडंच होतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. शिक्षणसंस्था आणि राज्याची सत्ता एकाच हातात, यात मराठी वाचकाने दचकण्यासारखं काही नाही. ते चार वर्षांची मुदत पुरी करून सन्मानाने निवृत्त झाले.

शिक्षा झाली ती फुटबॉलला. २५ फेब्रुवारी १९८७ ला एनसीएएने १९८७ चा अख्खा हंगाम रद्द केला आणि पुढच्या वर्षी घरच्या मैदानावर खेळायला बंदी घातली. मग विद्यापीठाने १९८८ चाही हंगाम सोडून दिला. ५५ शिष्यवृत्त्या गेल्या. वर्तमानपत्रांनी याला ‘डेथ पेनल्टी’ म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून देशभरातले प्रशिक्षक कॅम्पसवर येऊन धडकले आणि पोरं पटवून घेऊन गेले. प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक आधीच राजीनामे देऊन गेले होते. जाताना विद्यापीठाने त्यांना जे पैसे दिले, ते तेरा पोरांच्या एकूण कमाईच्या कितीतरी पट होते. त्या देण्याला मात्र करार म्हणतात.

१९८९ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला. ज्यांनी एक डॉलर घेतला नव्हता, अशी कोवळी पोरं गोळा केलेली. ह्यूस्टनने त्यांना ९५–२१ असं धुतलं. गंमत अशी की ह्यूस्टन विद्यापीठ स्वतःच त्या वर्षी एनसीएएच्या शिक्षेखाली होतं. टेक्सासमधल्या त्या जुन्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, त्या दशकात निम्म्याहून अधिक विद्यापीठं कुठल्या ना कुठल्या लफड्यात सापडली. फाशी फक्त एकाला झाली. पुढच्या वीस वर्षांत एसएमयूचा एकच हंगाम हारपेक्षा जीत जास्त असलेला गेला. मोसमाच्या शेवटी होणाऱ्या मानाच्या ‘बोल’ सामन्यात पोचायला २००९ उजाडलं.

आता सांगा, धाक बसला का? बसला तर. एनसीएएलाच बसला! तेव्हापासून त्यांनी कुठल्याही मोठ्या फुटबॉल संघाला ही शिक्षा दिली नाही. पण कायदा पुस्तकात पडून राहिला तर त्याला गंज चढतो, म्हणून तो अधूनमधून वापरला. कोणावर? २००३ मध्ये अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजच्या सॉकर संघावर. मग २००५ मध्ये इलिनॉयमधल्या मॅकमरे नावाच्या चिमुकल्या कॉलेजच्या टेनिस संघावर. टेनिस! तेव्हा माझा सल्ला असा की गुन्हा करायचाच तर आधी मोठे व्हा. बास्केटबॉलचे जुने खट प्रशिक्षक जेरी टार्केनियन म्हणायचे की एनसीएए मातब्बर केंटकीवर इतकी भडकली आहे, की आता किरकोळ क्लीव्हलंड स्टेटची शिक्षा दोन वर्षांनी वाढवणार. तुम्ही केंटकी व्हा.

पुढचा धडा हातावर तुरी देण्याचा. प्रशिक्षकाच्या करारात बाहेर पडायची वाट रुंद ठेवा. सदर्न कॅलिफोर्नियाचे पीट कॅरल २०१० च्या जानेवारीत सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले. जूनमध्ये निकाल लागला: रेजी बुश नावाच्या खेळाडूने आणि त्याच्या घरच्यांनी दलालांकडून फायदे घेतले, म्हणून विद्यापीठाला दोन वर्षं बोलबंदी आणि ३० शिष्यवृत्त्या कमी. बुश २००५ नंतर तिथे नव्हताच. २०१० चे खेळाडू त्याचे सामने शाळेतून घरी येऊन टीव्हीवर बघत असणार. तेवढा सहभाग पुरला. कॅरल यांनी २०१४ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचं विजेतेपद, जिंकलं. बुशने वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी आपली हाइझमन ट्रॉफी परत केली, ती १४ वर्षांनी, २०२४ मध्ये त्याला परत दिली गेली. वेळेवर पळणारा आणि वेळेवर न पळालेला, एवढाच दोघांत फरक.

ओहायो स्टेटची तऱ्हा आणखी शिकण्यासारखी. २०१० च्या डिसेंबरमध्ये उघड झालं की पाच खेळाडूंनी आपल्याच अंगठ्या आणि जर्सी विकून गोंदवून घेतलं आणि पैसे घेतले. पाचांनाही पाच-पाच सामन्यांची बंदी. पण लगेच येणाऱ्या शुगर बोलमध्ये खेळायला मुभा, बंदी पुढच्या मोसमापासून! तिकिटं खपलेली असताना न्यायाने जरा थांबावं, हे सगळ्यांना पटलं. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हे प्रकरण महिनोन्महिने ठाऊक होतं आणि ते गप्प बसले होते, हे नंतर बाहेर आलं. २०११ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २०१२ चा संघ नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली बाराच्या बारा सामने जिंकला आणि बोलबंदीमुळे घरी बसला. ट्रेसेल कुठे आहेत? मध्यंतरी ते एका विद्यापीठाचे अध्यक्ष होते, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ओहायो राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. घोटाळ्याकडून राजभवनाकडे जाणारा रस्ता तिथे चांगला डांबरी दिसतो.

जिंकलेले सामने रद्द करण्याची शिक्षा मिळाली, तर हसत स्वीकारा. सदर्न कॅलिफोर्नियाने ओक्लाहोमाला ५५–१९ हरवलं, ते लाखो लोकांनी बघितलं, आणि मग एका कागदाने ते झालंच नाही. पेन स्टेटचे तर ११२ विजय २०१२ मध्ये पुसले आणि २०१५ मध्ये परत लिहिले. तिथला मूळ गुन्हा लहान मुलांवरच्या अत्याचाराचा होता, त्यावर थट्टा करवत नाही. पण त्या मुलांसाठी जुन्या धावफलकावर खोडरबर फिरवायची कल्पना ज्याला सुचली, त्याच्याविषयी काय बोलावं?

तुमच्यात खरी प्रतिभा असेल, तर नॉर्थ कॅरोलिनाच्या वाटेने जा. चॅपल हिलच्या या नामवंत विद्यापीठात १८ वर्षं असे विषय चालले, ज्यांचे वर्ग भरतच नव्हते. एक निबंध द्यायचा, उदार हाताने गुण घ्यायचे. ३,१०० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला, त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. २०१७ मध्ये एनसीएएने निकाल दिला की शिक्षा करता येत नाही, कारण या वर्गांना खेळाडू नसलेले विद्यार्थीही बसू शकत होते. खेळाडूंसाठी खास सवलत असती, तर गुन्हा. सगळ्यांनाच फसवलं, म्हणजे भेदभाव नाही. याला म्हणतात सर्वसमावेशक शिक्षण. खेळाडूला ७२५ डॉलर दिले, तर संघ संपतो. त्याला पदवी देऊन त्याबरोबर काहीच शिकवलं नाही, तर केस चालत नाही.

अलीकडे काळ बदललाय आणि तुमचं काम सोपं झालंय. एनसीएएच्या हे लक्षात आलं की निरपराध खेळाडूंना शिक्षा करणं बरं दिसत नाही. तत्त्व सोन्यासारखं आहे, पटकन मान हलवा. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की आता पैसे भरून सुटता येतं. टेनेसीच्या फुटबॉलमध्ये दोनशेहून जास्त नियमभंग सापडले, सुमारे ६० हजार डॉलरच्या रोख रकमा आणि भेटी वाटल्या होत्या. एसएमयूचाच आकडा म्हणा ना. २०२३ मध्ये विद्यापीठाने ८० लाख डॉलर दंड भरला आणि संघ ‘बोल’ सामना खेळायला गेला. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्धी संघांच्या डावपेचांच्या हातखुणा टिपायला माणसं पाठवली; त्याच मोसमात मिशिगन राष्ट्रीय विजेते झाले, प्रशिक्षक जिम हार्बो लगोलग व्यावसायिक संघाकडे गेले, आणि २०२५ मध्ये विद्यापीठाला काही कोटी डॉलरचा दंड झाला. विजेतेपदाला धक्का नाही. हार्बोंवरचे निर्बंध २०३८ पर्यंत चालतील, पण कॉलेजातल्या नोकरीपुरतेच. ती त्यांना आता कशाला हवी?

मुख्य म्हणजे ज्यासाठी एसएमयूला सुळावर दिलं, ते आता राजरोस चालतं. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठांनाच खेळाडूंना पैसे वाटायची मुभा आहे, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. यालाच वरातीमागून घोडं म्हणतात, आणि इथे घोडं डॅलसचं आहे. एसएमयूला २०२४ मध्ये मोठ्या कॉन्फरन्समध्ये जागा हवी होती, म्हणून त्यांनी तिथला टीव्हीचा वाटा नऊ वर्षं सोडून दिला. भक्तांनी काही दिवसांत १० कोटी डॉलर जमवून दिले. यावेळी पावत्या होत्या. त्याच डिसेंबरात एसएमयू राष्ट्रीय प्लेऑफला पोचली आणि तिला हरवलं कोणी, तर पेन स्टेटने. विजेतेपद ओहायो स्टेटने नेलं. जुनी आरोपींची यादी आणि नवी मानकऱ्यांची यादी शेजारी ठेवून बघा, टंकलेखनाचे श्रम वाचतील.

तर आता कामाला लागा. अंदाजपत्रकात दंडासाठी वेगळं शीर्षक काढा, स्टेडियमच्या देखभालीखाली ते कोणाच्या डोळ्यात येत नाही. एक निवेदन आजच लिहून ठेवा: आम्हाला धक्का बसला आहे, चौकशीला पूर्ण सहकार्य करू, विद्यार्थ्यांचं हित सर्वतोपरी. प्रशिक्षकाच्या नावाची आणि तारखेची जागा कोरी सोडा. खाली सहीचीही सोडा; तोवर तुम्हीच अध्यक्ष असाल, असं कुठे आहे?