जांभ्याच्या भिंतीची ओल: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जांभ्याच्या घरातील ओलीवर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. भिंतीलगत चर खणण्याचा माझा सल्ला पायाला धोकादायक आहे; कोकणातल्या पावसापुढे पन्हळींचा उपयोग होत नाही; आणि बाजारात वॉटरप्रूफिंगची उत्तम रसायने मिळत असताना मी चुन्याच्या गिलाव्याची तरफदारी करतो, ती केवळ जुन्याच्या ओढीने.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘भिंतीलगत दोन फूट खोल चर’ असे लिहून मी मोकळा झालो. पाया किती खोल आहे ते आधी एका कोपऱ्यात खणून पाहावे, हे लिहायचे राहूनच गेले. घट्ट मुरूम लागला की तिथेच थांबवलेला पाया पुष्कळ जुन्या घरांना असतो, आणि तो जेमतेम दीड फूट भरत असेल तर दोन फुटांचा चर म्हणजे पायाखालची माती आपल्या हाताने मोकळी करणे होय. चराचा तळ पायाच्या तळाच्या वरच राहिला पाहिजे; त्याहून खाली जाणे भागच असेल, तर जितके खाली जायचे निदान तितके भिंतीपासून दूर सरकावे. सबंध भिंतीला एकदम चर खणू नये, आणि भर पावसाळ्यात तर मुळीच नको. मूळ लेखात ही दुरुस्ती आज केली आहे. आपण लिहिले नसते तर ती झाली नसती.

पन्हळींविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. दहा मीटर लांब आणि चार मीटर खोल अशी छपराची एक बाजू धरली, तर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाल्यावर तिच्यावरून दोन हजार लिटर पाणी येते, म्हणजे मिनिटाला साधारण तेहेतीस लिटर. एवढे पाणी चार इंची पाइप सहज वाहून नेतो. तरीही पन्हळी भरून वाहतात, याचे कारण बहुधा आंब्याफणसाच्या पानांत, मधेच झोळ पडलेल्या पट्टीत आणि सबंध लांबीला ठेवलेल्या एकुलत्या एका उताराच्या नळात सापडते. आमच्या संगमेश्वराकडच्या घरी मागच्या बाजूची पन्हळ दर मृगाला साफ करूनही तुंबत असे. शिडी लावून नीट पाहिले तेव्हा कळले की नळाच्या तोंडाशी शेवाळाचा आणि कौलांच्या चुऱ्याचा गोळा घट्ट बसला होता, आणि आम्ही दरवर्षी फक्त वरची पाने उचलत होतो.

हेही खरे की कौलांवरून वेगाने येणारे पाणी मोठ्या सरीत पन्हळीला ओलांडून पुढे पडते. तेव्हा पन्हळ लावलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. जुनी माणसे पागोळ्यांच्या रेघेवर दगडांची उथळ गटार बांधत आणि झडीच्या बाजूची भिंत नारळाच्या विणलेल्या झापांनी झाकत, तेही चालते. मात्र पागोळीचे पाणी मातीत पडले, तर ते चिखल उडवून भिंतीचा खालचा हातभर भाग पावसाळाभर भिजवत राहते. आपल्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत लाल शिंतोडे दिसत असतील, तर निदानासाठी आणखी काही नको.

आता रसायनांकडे येतो. आपण बाहेरून आणि आतून असे दोन्हीकडून लेपन करून घेतले, पहिला पावसाळा बरा गेला आणि दुसऱ्या वर्षी पोपडे थेट खिडकीच्या वर धरले, असे आपणच लिहिले आहे. यात रसायनाचा दोष मला तरी दिसत नाही. ओल झडीची असती तर बाहेरच्या लेपनाने ती थांबली असती. ती जमिनीतून चढणारी आहे. जांभा सच्छिद्र, पाणी ओढून घेतो, आणि पूर्वी ते पाणी भिंतीच्या खालच्या भागातून वाळून जात असे. दोन्ही बाजू बंद झाल्यावर त्याला वर चढण्यावाचून मार्ग राहिला नाही. पाण्याबरोबर आलेले क्षार जिथे पाणी सुकते तिथे साचतात, फुगतात आणि रंग ढकलून देतात. आपण ज्याला बुरशी म्हणता ती पांढरी भुकटी बोटाने चुरून पाहा, ती बहुधा लोणा, म्हणजे सुकलेले क्षारच, निघेल. भिंतीत भोके पाडून रसायन भरण्याचा उपाय विटेच्या सरळ थरांना लागू पडत असेल. मातीत रचलेल्या दीड फुटी जांभ्याच्या भिंतीत त्याचा सलग थर बसेल, यावर मी तरी पैसे लावणार नाही.

चुन्याविषयी एवढेच सांगतो की तो ओलीवरचा इलाज नव्हेच. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंटचा अडवून धरतो. पायाशी पाणी तसेच साचत राहिले तर चुनाही गळून पडेल.

म्हणून माझा सगळा रोख अंगणावर आहे. आपण घराभोवती दोन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवल्याचे ओझरते लिहिले आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथे असावी. जुन्या मातीवर खडी, खडीवर वाळू आणि तिच्यावर ब्लॉक असे करत अंगण सहज अर्धा फूट वर येते आणि तेवढे जोते गाडले जाते. त्यात ब्लॉकांचा उतार चुकून घराकडे आला, तर सबंध अंगण भिंतीला पाणी पाजू लागते. आमच्याकडे ओटीच्या तीन पायऱ्यांपैकी सर्वांत खालची मातीत बुडालेली आहे हे लक्षात यायला आम्हांला दहा वर्षे लागली. भिंतीपासून निदान दीड मीटरपर्यंतचे ब्लॉक उचलून जमीन पूर्वीच्या पातळीला आणावी आणि दर मीटरला दोन सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. न्हाणीचे पाणी अळवाला सोडलेले असेल तर तेही पाहावे. भिंतीला लागून अळू माजले असेल, तर त्याला बारा महिने पाणी मिळते आहे आणि भिंतीलाही.

सिमेंटचा गिलावा काढायचा तो दिवाळीनंतर. खरवडलेली भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यावी, तोवर रंगाचा डबा उघडू नये. त्याआधी आपल्या अंगणापासून जोत्याच्या माथ्यापर्यंत चारही कोपऱ्यांवर किती इंच भरतात ते मोजून कळवावे. मागच्या कोपऱ्याचे माप सर्वांत कमी निघाले, तर काम तिथूनच सुरू करावे लागेल.