मनगटाला काहीही झालेलं नाही

गोव्यात जूनचे चार मोठे पाऊस झाले की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माणसं पायांऐवजी तळहातांवर उतरू लागतात. पाय सटकतो, हात आपसूक पुढे जातो, अख्खं अंग एका मनगटावर येतं. घरात निदान तयारच असतं: मुका मार. पाठोपाठ फेणीची बाटली. निम्मी मनगटाला, निम्मी चोळणाऱ्याला. माझं फेणीशी वैर नाही, पण ताज्या दुखापतीवर चोळलं की सूज वाढते. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा मिनिटं, आणि हात उशीवर उंच. फेणी कपाटात राहू दे, ती नासत नाही.

मग एक्स-रे. डॉक्टर म्हणतात, ‘हाड मोडलेलं दिसत नाही.’ घरच्यांना ऐकू येतं, ‘काहीही झालेलं नाही.’ इथून खरा छळ सुरू. प्लास्टर असलं तर शेजारी शहाळं घेऊन येतात. नुसत्या दुखण्याला नारळ सोलायला बसवतात.

बरं, एक्स-रेत दिसतात ती हाडं. मनगटात ती आठ, लहान लहान, आणि त्यांना बांधून ठेवणारे लिगामेंट त्या फिल्मवर उमटतच नाहीत. करंगळीच्या बाजूची त्रिकोणी कूर्चाही नाही. तिला डॉक्टर टीएफसीसी म्हणतात. मनगटावरच्या भारातला सुमारे २० टक्के वाटा त्या बाजूने जातो, शिवाय तळवा उलटासुलटा करताना कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांना धरून राहतात ती तिच्यामुळेच. म्हणून ती फाटली की नुसत्या वजनापेक्षा पीळ जास्त छळतो. बरणीचं झाकण, कुलपातली चावी, पिळायचा टॉवेल. सोप्यावर तळहात टेकून उठून बघा. करंगळीकडे कळ आली, तर संशय तिच्यावर.

दुखणं मनगटाच्या पाठीवर मधोमध असेल तर स्कॅफॉइड आणि लुनेट या दोन हाडांमधला लिगामेंट तपासायला हवा. त्यासाठी मूठ घट्ट आवळून एक्स-रे काढतात. दोघांतली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली तर शंका पक्की होत जाते. हे अंगावर काढलं तर काही वर्षांनी सांधा झिजतो. आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तो दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी विश्वास ठेवू नका. स्कॅफॉइडची चीर १०-१४ दिवसांनी उमटते, तेव्हा पुन्हा काढायचा.

पुन्हा त्या त्रिकोणी कूर्चेकडे. तिच्या कडेला रक्तपुरवठा असतो, मधल्या भागाला जवळपास नाहीच. पाइपलाइनच्या शेवटच्या घरासारखी त्याची गत. त्यामुळे कडेची फाटलेली जागा भरून यायची आशा असते, नाही आलीच तर दुर्बिणीतून टाके घालता येतात. मधली फाटली तर लोंबणारा तुकडा साफ करतात. पण बहुतेकांना आधी चार ते सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे मनगट हलू न देणारी कडक पट्टी. गोची इथेच होते. मेडिकलमधून आणलेला क्रेप बँडेज चार वेढे मारला की कर्तव्य संपलं असं वाटतं, पण त्याने पीळ थांबत नाही. पीळ कोपरापासून येतो, म्हणून टाके घातल्यावर बऱ्याचदा पट्टी कोपराच्या वरपर्यंत नेतात. तिसऱ्या आठवड्यात कळ ओसरते, माणूस स्प्लिंट काढून आदोळीवर, म्हणजे खोबरं किसायच्या विळीवर बसतो. करवंटी दाबून फिरवत खोबरं किसणं म्हणजे त्या कूर्चेला नको असलेला भार आणि नको असलेला पीळ, दोन्ही एकदम. आठवडे पुन्हा एकपासून.

जुलैअखेरीस पडलात तर हिशेब थेट चवथीवर, म्हणजे गणेश चतुर्थीवर येऊन आदळतो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट बांधायला शिडीवर चढायचं नाही, फुगडीत कुणी हात धरू द्यायचा नाही. आरती डाव्या हाताने चालेल का, ते भटजींना विचारा. ऑर्थोपेडिकवाल्यांची काही हरकत नाही.