फुकट पास मागू नका, तिकीट काढून या

आज दुपारी एका सहकाऱ्याने सहज म्हणून केलेल्या मागणीने माझे डोके अजून तापलेले आहे. येत्या शनिवारी मी इथल्याच एका मेटल, म्हणजे जड गिटारींचे जोरकस रॉक वाजवणाऱ्या, बँडच्या कार्यक्रमाला जाणार आहे, हे त्यांना ठाऊक होते. "तुझी त्या पोरांशी ओळख आहे ना, मग माझे नाव पासच्या यादीत घालायला सांग," असे ते म्हणाले. मी तिकीट काढा म्हटले, तर त्यांना मनापासून आश्चर्य वाटले. "लोकल बँडला कसले तिकीट? आपण ऐकायला जातो हेच त्यांच्यासाठी खूप झाले." हेच गृहस्थ एका परदेशी बँडच्या स्टेडियममधल्या कार्यक्रमाच्या तिकिटासाठी पहाटे उठून संगणकासमोर बसले होते, आणि तो सगळा कार्यक्रम त्यांनी रंगमंचापासून इतक्या लांबून पाहिला की गिटार कोण वाजवत आहे हे पडद्यावर बघूनच त्यांना कळत होते. त्या तिकिटाबद्दल त्यांची काहीही तक्रार नाही.

त्यांना मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकले नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर एकदम तो किक ड्रमला पाठ लावून बसलेला मुलगा आला.

गेले वर्षभर मी स्थानिक मेटल आणि पंक (साधे, वेगवान, बंडखोर रॉक) बँडच्या कार्यक्रमांना जात आहे. त्यातल्याच एका संध्याकाळची ही गोष्ट. खोली लहान होती, फरशी गुळगुळीत होती आणि ड्रमखाली अंथरायचे जाजम आणणारा माणूस कुठेतरी अडकला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, किक ड्रम पायाने वाजवतात आणि मेटलमध्ये तो दोन्ही पायांनी, दुहेरी पेडलवर, अतिशय वेगाने वाजतो. खाली जाजम नसेल तर प्रत्येक ठोक्यागणिक तो पुढे सरकत जातो. ड्रमर प्रत्येक गाण्यानंतर उठून तो मागे ओढत होता. तिसऱ्या गाण्यात ड्रम इतका पुढे गेला की त्या बिचाऱ्याचे पाय जेमतेम पेडलपर्यंत पोहोचत होते. तेव्हा समोरच्या रांगेतला एक मुलगा पुढे झाला. त्याने आधी कानातले इअरप्लग नीट बसवले, माइकचा स्टँड हलक्या हाताने बाजूला केला, आणि ड्रमकडे पाठ करून तो फरशीवर बसला. पाठ ड्रमच्या पडद्याला लागली तर आवाज दबेल हे त्याला माहीत असावे, कारण त्याने दोन्ही खांदे ड्रमच्या लाकडी कड्यावर टेकवले आणि पाय समोरच्या स्पीकरला रोवले. पुढचा संपूर्ण सेट, म्हणजे बँडची उरलेली सगळी गाणी होईपर्यंत, तो तसाच बसून राहिला. प्रत्येक ठोक्याबरोबर त्याच्या शर्टाची बाही थरथरत होती. त्याला कोणी बोलावले नव्हते, तो त्या बँडचा नव्हता, आणि त्याच्या मनगटावर दारात तिकीट काढणाऱ्यांना मारतात तो शाईचा शिक्का होता.

त्या मुलाने तिकीट काढले होते, मित्रहो. मला एवढेच सांगायचे आहे, पण एवढेच सांगून माझा राग शमत नाही.

स्थानिक बँडच्या एका कार्यक्रमामागे काय काय असते, याचा विचार पास मागणारा माणूस कधी करतो का? सरावाच्या खोलीचे भाडे तासावर असते. चार जणांच्या नोकऱ्या आणि कॉलेजच्या वेळा जुळवून आठवड्यातून कसाबसा एक सराव होतो. कार्यक्रमाच्या दिवशी अँप्लिफायर, ड्रमच्या झांजा, पेडल आणि केबलींच्या पिशव्या हीच मुले जिने चढवून नेतात. जागेचे भाडे, साउंड सिस्टीमचे भाडे आणि साउंड इंजिनिअरचे पैसे दाराशी जमलेल्या तिकिटांतून आधी वजा होतात, उरलेले तीन-चार बँडांत वाटले जातात, आणि बहुतेक वेळा त्या वाट्यात गिटारच्या तारांचा नवा संच आला तरी पुष्कळ म्हणायचे. या हिशेबात 'माझे नाव यादीत घाल' म्हणणारा प्रत्येक माणूस त्या मुलांच्या खिशातून थेट पैसे काढून घेत असतो. हे कडक शब्दांत लिहीत आहे, कारण मऊ शब्दांत सांगून झालेले आहे.

मागे एकदा याच सहकाऱ्यांनी विचारले होते, की त्या आरडाओरड्याला संगीत म्हणायचे का. या प्रश्नाचा मला आता कंटाळा आला आहे, तरी उत्तर देते. वर्षभर जवळून ऐकल्यावर मला त्या आवाजातले काम दिसू लागले आहे. गिटारवर उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) तारांवर अलगद टेकवून ती दबकी, घट्ट, चिरेबंदी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, काढताना मनगट किती काटेकोर ठेवावे लागते, हे चार हात अंतरावरून पाहिल्याशिवाय समजत नाही. घोगऱ्या, खोल ग्राउलमध्ये गाणारी एक गायिका मी पाहिली. ती सेटआधी कोपऱ्यात उभी राहून बराच वेळ श्वासाचे व्यायाम करत होती, आणि तासभर तशी गाऊन झाल्यावर अगदी स्वच्छ आवाजात सर्वांचे आभार मानत होती. घसा फोडून ओरडणाऱ्याला हे जमत नाही. त्यामागे तालीम लागते, आणि ती तालीम रागदारीच्या रियाजाइतक्याच आदराने पाहायला हवी, असे मला वाटते. ज्यांना हे अति वाटेल त्यांना वाटू दे.

शिवाय हा जड, खालच्या सुरातला आवाज मुळात कुठून आला, हेही लक्षात ठेवायला हवे. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या तयार केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे बोटांवर ताण कमी यावा म्हणून तारा आणखी खाली उतरवल्या. 1970 साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला आणि जगभरच्या मेटलने तो काळोखा आवाज आपला मानला. ज्या संगीताचा पाया एका जखमी कामगाराने हाताशी असेल त्या वस्तूंनी रचला, त्या संगीतात जाजम नसल्यावर एक मुलगा स्वतःची पाठ लावतो, यात मला एक सरळ नाते दिसते.

पंकबद्दलही तेच. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये ते उभे राहिले तेव्हापासून 'स्वतः करा' हाच त्याचा बाणा आहे. 1980 मध्ये वॉशिंग्टनमधल्या काही पोरांनी आपल्या बँडची रेकॉर्ड काढायला डिस्कॉर्ड ही स्वतःची कंपनी सुरू केली, कारण दुसरे कोणी ती काढणार नव्हते. त्याच मंडळींतून पुढे निघालेल्या फुगाझी या बँडने तिकिटे मुद्दाम स्वस्त ठेवली आणि कोणत्याही वयाच्या माणसाला आत येता यावे असा आग्रह धरला. ध्यानात घ्या, स्वस्त ठेवली, फुकट नाही. ज्याच्याकडे थोडेच आहे त्यालाही तिकीट काढता यावे आणि वाजवणाऱ्यालाही पुढच्या गावी जाता यावे, असा तो विचार होता. आपल्यातल्या पगारदार मंडळींनी तो विचार एकदा स्वतःशी ताडून पाहावा.

आता माझा सूर थोडा खाली येतो आहे, कारण पिटबद्दल लिहायचे आहे आणि तिथे मला राग येत नाही.

रंगमंचासमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात, त्या मॉश पिटकडे बाहेरून पाहणाऱ्याला मारामारीच दिसते. 2013 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा कार्यक्रमांच्या चित्रफिती तपासून दाखवले होते, की पिटमधल्या माणसांची हालचाल वायूच्या रेणूंसारखी असते आणि गोल फिरणाऱ्या पिटमध्ये तीच हालचाल भोवऱ्यासारखी होते. हे वाचून मला फार आनंद झाला होता. पण मी जे पाहिले ते रेणू करत नाहीत. कोणी पडले की आजूबाजूचे चार हात काखेत घालून त्याला क्षणात उभे करतात. सुटलेला बूट कोणीतरी डोक्यावर उंच धरतो आणि मालक सापडेपर्यंत खाली करत नाही. एकदा एका बाईंचा चष्मा पडला, तेव्हा गायकाने अर्ध्या ओळीत गाणे थांबवले, दिवे लावायला सांगितले आणि चष्मा मिळाल्यावर तीच ओळ पुन्हा सुरू केली. मी एकटी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीला टेकून उभी होते. शेजारच्या अनोळखी मुलीने इअरप्लगची जोडी माझ्या हातावर ठेवली आणि पुढे बघत राहिली. असे वागणारी माणसे बाहेरच्या जगात मला इतक्या सहज भेटत नाहीत.

हो, सगळेच सोन्यासारखे नाही. काही जागांत आवाज इतका वाईट असतो की बेस गिटार आणि भिंतींची थरथर यांत फरक कळत नाही, आणि काही बँड खरोखरच कच्चे असतात. पिटमध्ये गर्दीचा गैरफायदा घेणारे नालायकही येतात. अशा एकाला आयोजकांनी माझ्यासमोर बाहेर काढले, पण प्रत्येक ठिकाणी असे आयोजक नसतात, आणि रंगमंचावर स्त्रिया अजूनही फार थोड्या दिसतात, हेही मान्य आहे. कानांचे म्हणाल तर तो मुद्दा मी स्वतःच लावून धरते. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. मेटलचा कार्यक्रम त्याच्याही वर सहज जातो. म्हणून इअरप्लग लावा, आणि लहान मुलाला आणले तर त्याच्या कानांवर मोठे इअरमफ हवेतच. पण हे सगळे दोष सांगून घरी बसणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे, की जागेला चांगला साउंड परवडावा म्हणून तुम्ही आजवर काय दिले?

इथे पुन्हा मला राग येतो. 'आपल्याकडे चांगले बँडच नाहीत' असे म्हणणारे बहुतेक लोक आपल्याकडच्या एकाही बँडसमोर उभे राहिलेले नसतात. ज्यांची पोस्टरे तुम्ही भिंतीवर लावता, ते सगळे कधीतरी अशाच खोल्यांत मोजक्या माणसांसमोर वाजवत होते, आणि त्या मोजक्या माणसांनी तेव्हा पैसे दिले म्हणून पुढचे सगळे झाले. बँड एकदम मोडत नाही. आधी सराव महिन्यातून एकदा होतो, मग ड्रमरला रात्रपाळी लागते, मग गिटार विकली जाते, आणि त्यांच्या पानावर 'लवकरच परत येतो' एवढी एक ओळ राहते. या वर्षात असे बँड मी पाहिले. त्यांतल्या एकाची डेमो सीडी मी विकत घेतलेली आहे. त्यांनी ती स्वतः घरी कॉपी केली होती आणि तिच्यावर नाव मार्करने लिहिलेले आहे. त्यांचे तिसरे गाणे मला अजूनही पाठ आहे आणि ते आता प्रत्यक्ष ऐकायला मिळणार नाही, याचे मला खरोखर दुःख होते.

त्या किक ड्रमवाल्या मुलाशी मी सेटनंतर बोलले होते. पाठ दुखते का, असे विचारले. "थोडी," म्हणाला, आणि मग अतिशय उत्साहाने सांगू लागला की चौथ्या गाण्यातला ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा तो अतिवेगवान ठेका, ड्रमला टेकून कसा वेगळाच ऐकू येतो. एवढे बोलून तो केबली गुंडाळायला निघून गेला. केबल कोपरावर न गुंडाळता एकाआड एक वेढा उलटा घेत गुंडाळायची, म्हणजे आतली तार पिळत नाही, हे मी त्याच्याकडूनच पाहून शिकले. माझ्या सहकाऱ्यांना मी हा प्रसंग आज सांगितला असता तर ते म्हणाले असते, की मग त्याला तरी पास द्यायला हवा होता. कदाचित द्यायला हवाही होता. पण त्याने मागितला नव्हता.

तर शनिवारी ज्यांना यायचे आहे त्यांनी कृपया तिकीट काढून या. जमले तर टी-शर्टच्या टेबलावरून काहीतरी घ्या, कारण बँडांना कित्येकदा दारातल्या वाट्यापेक्षा तिथूनच जास्त मिळते. इअरप्लगच्या जास्तीच्या जोड्या माझ्याकडे असतील. आणि मुख्य बँडच्या वेळेवर येऊ नका, दार उघडते तेव्हा या. सुरुवातीला वाजवणारा बँड चार मुलींचा आहे आणि लोकांसमोर वाजवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ आहे. त्यांनी पहिला ठोका दिला तेव्हा समोर माणसे उभी असायला हवीत.